फणीने भरलेली उशी

मित्रांनो, माझ्यावर कागद धरून तुम्ही तोंडाने पीं-पीं वाजवता, त्याचा मला राग येत नाही. म्हातारपणी एवढे चालायचेच. मी म्हशीच्या शिंगाची एक जुनी फणी आहे. माझे काही दात पडले, पण उरलेल्यांवर माझा अजून भरवसा आहे. याच दातांनी मी एका गृहस्थाला असे चावले, की त्याला घरची बैलजोडी विकावी लागली. ती हकिगत आज सांगते. घटकाभर वाजवणे थांबवा म्हणजे झाले.

आपले वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. मलकापूरच्या बाजारात फकीर मोहम्मद नावाचे फणीवाले बसत. त्यांनी मला विस्तवावर शेकून सरळ केले आणि बारीक करवतीने दात पाडले. एका अंगाला रुंद, दुसऱ्या अंगाला दाट. मी पहिल्यापासून हिशेबी आहे. रुंद दात मी खर्चाचे मानले आणि दाट दात जमेचे, कारण दाट दातांत जे येते ते सहसा सुटत नाही.

जळगाव जामोदची सोजराबाई लेकीच्या लग्नाचा बाजार करायला आली होती. तिने चार फण्या उलटसुलट करून पाहिल्या.

"भाऊ, दात मजबूत हायेत ना?"

"मावशी," फकीर मोहम्मद म्हणाले, "म्हैस जिती होती तवा हिच्या शिंगाले कोनी भ्यालं नाही. आता पाहा, उवा कशा भितात."

सोजराबाई हसली आणि तिने मला घेतले. तिच्या लेकीचे नाव रुख्मिणी. तिचे केस कमरेखाली पोचत. लग्नाच्या आदल्या दिवशी आईने माझ्याकडून ते केस शेवटचे विंचरून घेतले आणि मला तिच्या लुगड्यात गुंडाळून मलकापूरला सासरी पाठवले. तिथे माझे चार दिवस बरे गेले. मग तापाची साथ आली आणि त्या साथीत रुख्मिणीचा नवरा गेला. पाठीमागे मूलबाळ नव्हते. राहिले ते भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ पंजाबराव, आणि जाऊ सरस्वतीबाई.

पंजाबरावांच्या तीन गाड्या होत्या. जिनातल्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यातल्या, कापसाच्या गाठी त्या ठेसनावर नेत. माणूस मोठा मानी. डोक्याच्या रुमालाला रोज नवा पीळ, आणि बोलण्यालाही. रीतीप्रमाणे रुख्मिणी त्यांच्याशी कधी बोलत नसे. ते दिसले की पदर पुढे ओढायचा आणि भिंतीला लागून उभे राहायचे. सरस्वतीबाई मात्र बोलत, दोघींच्या वाट्याचे.

पुढच्या साली पावसाने दगा दिला. ज्या घरात कमाई नाही किंवा अगदी थोडी, तिथल्या बिनकमाईच्या माणसांना मुनशिपाल्टीच्या आवारात सरकारी जवारी फुकट मिळू लागली. पंजाबराव रुख्मिणीला घेऊन तिथे गेले आणि खाली मान घालून म्हणाले, "घरात विधवा भावजय हाय, साहेब. एका गाडीवर किती तोंडं पोसू?" दोन गाड्या ते घरी विसरून आले होते.

नावे लिहायला वहाब मुन्शी बसले होते. माणूस सुपारी कातरावी तसा सावकाश बोले. ते म्हणाले, "असं करू पाटील, बाईचं घर अलग लिहू. तिची चूल निराळी दाखवू. तिले जवारी मिळन, तुमच्यावर काई येनार नाही."

सल्ला सोन्यासारखा होता. पण पंजाबरावांच्या रुमालाचा पीळ आडवा आला.

"बाईमानूस घराचं कर्तं व्हते काय? माह्या घराचा कर्ता मी. तिचं जे काय असन नसन थे माह्या नावावर लिहा."

मुन्शींनी तसे लिहिले: जवारी बिनकमाईच्या भावजयीच्या नावाने, घर आणि कमाई पंजाबरावांच्या नावाने. पंजाबरावांनी ठसठशीत सही केली.

आता तुम्हाला हैसियत पट्टी सांगायला हवी, नाहीतर माझा चावा कुठे बसला ते कळणार नाही. गावात ज्याची जशी ऐपत, तशी त्याने सालाला पट्टी भरायची. घरातल्या सगळ्यांची कमाई कर्त्याच्या नावावर धरायची. कमाई अगदी थोडी असली तर पट्टी माफ. पंजाबरावांनी त्याच सहीवर पट्टीही माफ करून घेतली. एका सहीत जवारी आत आणि पट्टी बाहेर. घरी आल्यावर सरस्वतीबाईंनी त्यांना दोनदा वाढले.

आठवडा उलटला नाही तोच रुख्मिणीला जिनात धाडले. काम म्हणजे मोठ्या यंत्रांपुढे उभे राहून कापूस लोटायचा, आणि पगार बाजाराच्या दिवशी रोखीत. मुकादम बायांची नावे लिहीत नसे. तो मुठीतून मुठीत पैसे द्यायचा. रुख्मिणीची मूठ घराच्या उंबऱ्यात सरस्वतीबाई उघडत.

पण जिनाची एक खोड असते. तिथे दिवसभर रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, उडते. बाई सकाळी काळ्या केसांची आत जाते आणि संध्याकाळी पांढऱ्या केसांची बाहेर येते. भुवयांत रुई, कानाच्या पाळीवर रुई, निऱ्यांत रुई. जवारीच्या रांगेत तसे जाऊन कसे चालेल? म्हणून माझे काम ठरले. रुख्मिणी आली की सरस्वतीबाई तिला ओट्यावर बसवत आणि मला तिच्या डोक्यात घालत. आईने मला कधी असे चालवले नव्हते. मी केसांतून जात नसे, केस उपटत जाई. रुख्मिणी दात आवळून बसे. दोनदा माझाही दात तुटला. दोन्ही वेळा शिवी मलाच बसली.

"हाल नको वं. एक धागा राह्यला न् मुन्शीनं पाह्यला, तर बेड्या तुह्याच हातात पडतीन. जवारीवर नाव तुहं हाय."

हे सरस्वतीबाई रोज सांगत. रुख्मिणीला लिहिता-वाचता येत नव्हते. तिला ते खरे वाटे. नाव आपले, म्हणजे गुन्हाही आपला. बोललो तर तुरुंग, नाही बोललो तर हे घर. दोन्हींत फरक किती, याचा विचार ती केस ओढले जात असताना करी. मला ते मान आखडण्यावरून कळे.

आता सरस्वतीबाईंची काटकसर ऐका. माझ्या दाट दातांत अडकलेली रुई त्या फेकत नसत. "फुकटची हाय, काऊन टाकाव?" असे म्हणून त्या ती मडक्यात साठवत. निऱ्यांतलीही झटकून घेत. दुसरा हंगाम सरता सरता मडके ओसंडले, तेव्हा त्यांनी पंजाबरावांसाठी चांगली गुबगुबीत उशी शिवली. पंजाबराव तिच्यावर डोके टेकून म्हणाले, "वा. ठेसनमास्तरच्या घरीबी अशी नसन." मी कोनाड्यातून पाहत होते. जमेच्या बाजूला मी एक टीप मारून ठेवली. कारण त्या रुईबरोबर आणखी काय काय त्या खोळीत गेले होते, हे माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात नव्हते.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी जळगाव जामोदहून गाडीवाल्याबरोबर निरोप आला. सोजराबाई अंथरुणाला खिळली होती आणि लेकीची वाट पाहत होती.

रुख्मिणी जावेपुढे पदर पसरून बसली. "जाऊबाई, दोन दिवस जाऊ द्या. माह्याच मजुरीतून गाडीचं भाडं द्या."

"तुही मजुरी?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "मजुरी करतं कोन इथं? तू तं बिनकमाईची हायेस. अन् शुक्करवारी जवारी हाय, तू नसली तर माप कोन घेईन?"

चार दिवसांनी तोच गाडीवाला परत आला. या वेळी तो ओट्यावर बसला नाही. सोजराबाई गेली, एवढेच उभ्या उभ्या सांगून गेला.

रुख्मिणी रडली असती तर मला बरे वाटले असते. तिने मला कोनाड्यातून काढले, हातात धरले, अंगठ्याने माझ्या तुटलेल्या दातांच्या जागा चाचपल्या. आईचा हात शेवटचा ज्या वस्तूवर फिरला होता अशी घरात मी एकच होते. मग तिने मला कनवटीला खोचले. शुक्रवारी जिनातून ती थेट जवारीच्या आवारात गेली. सरस्वतीबाई फणी शोधत घरी राहिल्या, आणि मग तिच्यामागे धावत आल्या. तोवर रांग पुढे सरकली होती. पंजाबराव पोते घेऊन बाजूला उभे होते.

रुख्मिणीचा नंबर आला. जवारीचे माप भरले गेले आणि तिने ते घ्यायला दोन्ही हात वर केले. पदर घसरला. भासऱ्यांसमोर पदर घसरला तर बाई मेल्याहून मेली, अशी त्या काळची समजूत होती. तिने तो सावरला नाही.

वहाब मुन्शींनी मान वर केली. "काय बाई, मागल्या शुक्करवारी केस काळे होते. एका हप्त्यात म्हातारी झाली?"

रांगेतल्या बाया खुदखुदल्या. पंजाबराव पुढे आले. "गल्लीतून कापसाच्या गाड्या जातात ना साहेब. उडून बसला असन."

मुन्शी मान डोलवू लागले. गाड्या जातातच, आणि पाठीमागे रांग खोळंबली होती. एवढ्यावर सुटतो की काय हा माणूस?

रुख्मिणी भासऱ्यांशी बोलली नाही. रीत ती रीत. धापा टाकत आलेल्या जावेकडे वळून ती म्हणाली, "जाऊबाई, मुन्शीसाहेबाइले आपली उशी दाखवा ना. गल्लीतून किती गाड्या गेल्या, थे तिच्यातून समजन."

सरस्वतीबाईंचे तोंड उघडेच राहिले. मुन्शींनी त्या तोंडाकडे पाहिले आणि दौतीला बूच लावले. "कडूबा, चाल. पाटलाच्या घरी पानी पिऊ."

कडूबा हा मुनशिपाल्टीचा शिपाई. त्याने उशी ओट्यावर आणली आणि चाकूने शिवण उसवली. रुई भसकन बाहेर आली आणि त्याला शिंकांवर शिंका सुरू झाल्या. मुन्शींनी एक पुंजका उचलून ओढला. त्यातून केस निघाला. काळा, आणि निघतच राहिला, हातभर, दीड हात. दुसरा पुंजका ओढला, त्यातही केस. पुंजक्या पुंजक्यात रुख्मिणीचे केस होते, मी दोन हंगाम जमेला धरलेले.

"गाडीतला कापूस सरकीसगट असते," मुन्शी म्हणाले. "ही तर जिनातली साफ रुई. अन् गाडीतल्या कापसाले केस येत नाहीत." त्यांनी सरस्वतीबाईंच्या अंबाड्याकडे नजर टाकली. तो अंबाडा सुपारीएवढा होता. "तुमचे तर हे नाहीत, ताई."

मग पंजाबराव भडाभडा बोलू लागले. "कमाई तिनं केली, साहेब. मले काय मालूम? तिले धरा."

रुख्मिणीने डोळे मिटले. आता बेड्या, असे तिला वाटले असणार.

"तिले कसं धरू, पाटील?" वहाब मुन्शी सावकाश म्हणाले. "म्याच म्हटलं होतं, बाईचं घर अलग लिहितो म्हून. अलग असतं तर तिच्या मजुरीवर पट्टीच बसली नसती, तेवढी ती नाहीच. पन तुमी काय म्हनले? तिचं जे असन नसन थे माह्या नावावर लिहा. लिहिलं. आता तिची मजुरी तुमच्या नावावर, तुमच्या गाड्याबी तुमच्या नावावर." ते अंगणाकडे वळले. "कडूबा, गाड्या मोज."

"तीन, साहेब," कडूबा शिंकत म्हणाला.

पट्टी ठरवणाऱ्या पंचांनी हिशेब केला. मागल्या सालांची बुडवलेली पट्टी, तेवढाच वर दंड, आणि खाल्लेल्या जवारीची बाजारभावाने किंमत. पंजाबरावांची ढवळी बैलजोडी त्यात गेली. मी लपवाछपवी करत नाही, त्या जवारीच्या भाकरी रुख्मिणीनेही खाल्ल्या होत्या. तिच्या वाट्याची किंमत तिने मजुरीतून हप्त्याने भरली, आणि अशा आनंदाने भरली की कडूबाला नवल वाटे. कारण भरणाऱ्यांच्या रांगेत तिच्या मागे पंजाबराव उभे असत, रुमाल उतरवून. तिची जवारी अर्थात बंद झाली. फकीर मोहम्मदांच्या दुकानामागे एक खोली घेऊन तिने निराळी चूल मांडली.

"बाई, आता सालोसाल मजुरी सांगत जा," मुन्शी म्हणाले.

"सांगीन ना," रुख्मिणी म्हणाली. "इचारनारा पाह्यजे होता."

पट्टीच्या यादीत एकदा चढलेले नाव उतरत नाही. पंजाबरावांनी मरेपर्यंत पट्टी भरली. पट्टीचे दिवस आले की रुख्मिणी केस विंचरायला बसे, आणि वर्षाची रुई फडक्यात बांधून जावेच्या दारात ठेवून येई. "भासऱ्याच्या उशीले घ्या, जाऊबाई. कमी पडत असन." दरसाल, न चुकता. पुरे झाले असे तिला कधी वाटले नाही, आणि मलाही नाही.

मित्रांनो, आता मला पुन्हा वाजवा हवे तर. पण वापरून झाले की धुऊन, तेलाचे बोट लावून ठेवा. शिंग कोरडे पडले की दात जातात. आणि कोणाच्या डोक्यातून फणी फिरवाल तेव्हा गुंता हलक्या हाताने सोडवा, खालून वर, सोजराबाई सोडवायची तसा. ओढून काढलेला केस फणी टाकून देत नाही.