पाय उचलायचा नाही

शाळेची व्हॅन काढण्याआधी जानकीने ब्रेक दाबून पाहिला, तर पेडल थेट तळाला गेलं. दुसऱ्यांदा दाबल्यावर कुठे लागलं. काल गॅरेजवाल्याने ब्रेकचा पाइप बदलला होता आणि आत शिरलेली हवा न काढताच गाडी दिली होती.

मालक यज्ञेशशेठचं म्हणणं, मुलुंडमधल्या निम्म्या गाड्या ब्रेक दोनदा मारूनच थांबतात. थांबतातही, ड्रायव्हरच्या पायाला सवयच लागते तशी. पण दुसऱ्यांदा दाबायला वेळ लागतो, आणि कॉलनीचा उतार तेवढा वेळ देत नाही. व्हॅनमध्ये तेरा पोरं असायची. जानकीने किल्ली कमरेला खोचली आणि पालकांच्या ग्रुपवर टाकलं: ब्रेक नीट नाही, आज मुलांना शाळेत तुम्हीच सोडा.

ते वाचून शेठ जिना धावतच उतरला. माझं नाव घालवलंस, म्हणाला, किल्ली दे, दुसरा ड्रायव्हर आहे ना, विशाल काढेल गाडी.

"किल्ली मिळेल," जानकी म्हणाली. "आधी हवा निघू दे. त्याला दोन माणसं लागतात. बसा पेडलवर."

सोसायटीच्या गेटवर चार माणसं बघत होती. शेठ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला.

गाडी सपाटीवर होती, चाकांना विटा लावलेल्या. जानकीने वरची टाकी नव्या ब्रेक ऑईलने भरली आणि सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात केली. चाकामागच्या निपलला, म्हणजे हवा काढायच्या पोकळ स्क्रूला, पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. शेठने दाबून धरायचं, तिने निपल सैल करायचं, बुडबुडे निघाले की आवळायचं, मगच पाय सुटायचा. "मी 'सोडा' म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही," तिने बजावलं. दर चाकानंतर ती टाकी बघून पुन्हा भरत होती.

तीन चाकं झाली. चौथ्याला शेठचा फोन वाजला आणि पाय उचलला गेला. नळीतले बुडबुडे उलटे आत गेले.

तीन चाकं झाली ना, आता बस कर, शेठ वैतागला.

"तीन थांबली आणि चौथं नाही थांबलं, तर गाडी कुठे वळेल शेठ?" तिने हात पुढे केला. "फोन द्या."

त्याने दिला. ते चाक पुन्हा पहिल्यापासून झालं. शेवटी नळीतून नुसतं स्वच्छ तेल आलं आणि पेडल दगडासारखं लागलं. शेठने न सांगता आणखी एकदा दाबून पाहिलं. मग जानकीने गल्लीत हळू गाडी फिरवून चारदा ब्रेक मारला. चारही वेळा गाडी एका दाबात थांबली.

उद्यापासून येऊ नकोस, शेठ म्हणाला. जानकीने फोन आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

"नाही येत. पण आता तुमच्या पायाला कळलंय ब्रेक कसा लागतो ते. पुढच्या वेळी दोनदा मारावा लागला, तर विशालला गाडी काढायला सांगाल?"

शेठ किल्ली परत तिच्यापुढे धरत म्हणाला, "सकाळी साडेसहाला ये."

"सव्वासहाला येईन," जानकी म्हणाली. "आधी ब्रेक बघायचाय."