चिंचेच्या खुंटातली वाफ

सत्यभामेच्या मळ्यात सारं गाव लोटलं होतं. तोडलेल्या चिंचेच्या खुंटाला शेंदूर फासलेला, आणि त्याच्यापुढं पुंजारामबुवा देवऋषी केस मोकळे सोडून घुमत होता.

"हडळ बसली या खुंटात! तिचं घर मोडलं, म्हनून तुमचे बैल मरून राहिले! एकेकीनं पानी वता. पापिनीचं पानी पडलं का खुंट उकळन!"

बुवाची हडळ मोठी सोयीची होती. तिला कोंबडं लागे, लुगडं लागे. बुवाला नको असलेलं काहीच तिला लागत नसे.

भातकुलीजवळच्या त्या गावात मी शाळामास्तर होतो. ते कापसाचे दिवस. तिकडं अमेरिकेत लढाई पेटली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, इकडं भाव चढले आणि वऱ्हाडात लोकांनी दारातली फुलझाडं उपटून सरकी टोबली. सत्यभामा माळीण विधवा बाई. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, शेवंती पिकवी. तिचा दीर चंद्रभान याला तो मळा कापसासाठी हवा होता, आणि ती देत नव्हती. वाफ्यांवर सावली धरणारी म्हातारी चिंच मात्र तिनं तोडून घेतली. खुंट खणायचा राहिला, तोच गावात गुरांची बुळकांडी आली. आठवड्यात बावीस बैल मेले. बाळापूरकडून कापूस घेऊन येणाऱ्या गाड्यांचे आजारी बैल आमच्याच नाल्यावर पाणी पीत होते. तिकडं कोणी पाहिलं नाही. चंद्रभाननं बुवाला बोलावून आणलं.

बायकांनी मुळांवर पाणी ओतलं. काही झालं नाही. सत्यभामेची पाळी आली तसा बुवा ओरडला, "तू मुळावर नाई! मधातल्या ढोलीत वत! वाकून पाह्य, तुलेच बोलावते थे!"

तिनं वाकून तांब्या रिता केला. बुवानं मंत्र लांबवला. मग खुंटातून सू सू आवाज आला, वाफेचा लोट उठला आणि पांढरा चिखल उसळून तिच्या तोंडावर उडाला. ती डोळे धरून कोसळली.

"चेटकीन!" पहिला आवाज चंद्रभानचा होता. मग सगळ्यांचा झाला. तिला गोठ्यात कोंडलं. अमावस्येला गावाबाहेर काढायचं ठरलं. वाफ कशी आली ते मला कळलं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो.

तिसऱ्या दिवशी चुनेवाली मैनाबाई गाढवावर चुना घेऊन गावात आली. कण्हणं ऐकून ती गोठ्यात शिरली आणि तशीच चावडीवर आली.

"कोनं केलं हे? त्या बाईचे डोये चुन्यानं जयाले! माह्या नवऱ्याचा डोया भट्टीवर असाच गेला!"

"हडळीनं केलं," जानराव पाटील म्हणाले.

"हडळ चुना खाते काय, पाटील? चाला मले दाखवा."

तिनं ढोलीत हात घातला. पांढरा लगदा बाहेर काढून पाटलांच्या नाकापाशी धरला. मग आपल्या गोणीतले कळीच्या चुन्याचे खडे खापरात टाकले.

"मांगं सरा सारे. मास्तर, तुमी वता पानी. तुमी तं पापी नाई ना?"

मी दुरून पाणी ओतलं. थोडा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज, तीच वाफ, तसाच उसळता चिखल. भाजलेल्या चुनखडीवर पाणी पडलं की ती अशीच तापते, उकळते, फुटते. भट्टीवरच्या पोराला ठाऊक असलेली ही गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक नव्हती.

"आठ दिवसामांगं चंद्रभानच कळीचा चुना घेऊन गेला," मैनाबाई आपल्या हातांकडं पाहत म्हणाली. "भिंती पांढऱ्या करासाठी, म्हने. माह्याच हातानं देल्ला मी."

चंद्रभान खाली मान घालून उभा राहिला. बुवा कोंबड्यांसकट केव्हाच पसार झाला होता.

दुसऱ्या दिवशी माणसांनी खुंटाभोवती खणलं, मुळं तोडली आणि बैलजोडीनं तो ओढून काढला. खाली माती, गांडुळं आणि कुजकी साल. दुसरं काही नव्हतं.

सत्यभामेला गोठ्यातून सोडलं, पण तिचे डोळे गेले ते गेलेच. मी भेटायला गेलो. आवाजावरून तिनं ओळखलं.

"मास्तर, तुमी होते ना तेथं? तुमाले वाटलं काय, मी चेटकीन हाये म्हनून?"

"नाही."

"मंग बोलले काहून नाई?"

तो प्रश्न आजही माझ्या मागं आहे. म्हणून हे लिहितो आहे. एखादी गोष्ट कशी घडली हे आपल्याला कळत नसेल, तर 'कळत नाही' एवढंच म्हणा. त्या रिकाम्या जागी हडळ बसवू नका. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा, मग तो चुनेवाला का असेना. आणि खोटं दिसत असेल, तर त्याची कळ सापडेपर्यंत थांबू नका. आधी त्या बाईचा हात धरून तिला मागं ओढा.