टकळीची नऊ मिनिटं

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. काळा, गोल तबकडीचा आणि अंगानं चांगला वजनदार. कारखान्यात एका बाईंनी माझ्या पोटातल्या तारा जोडल्या, रिसीव्हर कानाला लावून पाहिला आणि मला खोक्यात बंद केलं. ते खोकं उघडलं एका शाळेच्या कार्यालयात, कारकूनबाईंच्या टेबलावर. तिथंच माझं आयुष्य गेलं.

काम तसं हलकं होतं. कुणाला ताप भरला, कुणी डबा घरी विसरलं, कुणाच्या पोटात नेमकं परीक्षेच्या दिवशी दुखायला लागलं, की कारकूनबाई माझी तबकडी फिरवत. शाळा सुटली की त्या मला फडक्यानं पुसत आणि म्हणत, "हा आहे म्हणून बरं." तेवढ्या कौतुकावर माझा दिवस गोड व्हायचा.

आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या तोंडाची टकळी सतत चालू, म्हणून सगळे तिला टकळीच म्हणत. तिची आई बाजारातल्या लाँड्रीत इस्त्री करायची. त्याच वर्गात एक उंच, अबोल मुलगा होता. त्याला सगळे लंबू म्हणत. तेव्हा दोघं तेरा वर्षांची होती.

एके दिवशी सकाळी सव्वादहाला गणिताचे सर तास अर्धवट सोडून कार्यालयात आले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मोठ्या नदीवरचा रेल्वेपूल कोसळला," ते म्हणाले. "सकाळची गाडी पुलावरच होती."

त्या गाडीनं आमच्या भागातली शेकडो माणसं रोज राजधानीला कामाला जात. पुढे तीन दिवस देशभर झेंडे अर्ध्यावर होते. पण त्या घटकेला मला दिसत होती ती फक्त मुलांची रांग, कार्यालयाच्या दारातून थेट जिन्यापर्यंत. मोबाइल कुणाचेच लागत नव्हते. मी तेवढा चालू होतो.

मुख्याध्यापिकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "ज्यांच्या घरचं माणूस गाडीत आहे, ती मुलं आधी. बाकीच्यांनी थांबायचं."

लंबूचा मोठा भाऊ गाडीत होता. राजधानीत नोकरीला लागून त्याला आठवडाही झाला नव्हता. चार मुलांचे फोन झाले. कुणी बोलता बोलता मटकन खाली बसलं, कुणाला पलीकडून नुसतंच रडणं ऐकू आलं. आता लंबूची पाळी होती. एवढ्यात टकळी मागून घुसली.

"माझी आई गाडीत आहे," ती म्हणाली.

लंबू एक पाऊल मागे सरला. कारकूनबाईंनी टकळीकडे पाहिलं, क्षणभर थांबल्या आणि तिनं सांगितलेला नंबर फिरवला. दुसऱ्याच घंटेला कुणीतरी फोन उचलला.

"आई?" टकळी म्हणाली.

मित्रांनो, पलीकडे तिची आईच होती, लाँड्रीतल्या फोनवर, इस्त्री हातात घेऊन. गाडीत बसायचं तिच्या स्वप्नातही नव्हतं. टकळीलाही ते माहीत होतं. पण मुलं एकामागून एक रडत बाहेर पडताना पाहून आईचा आवाज ऐकल्याशिवाय तिला राहवेना. आणि ऐकल्यावर तिला रिसीव्हर ठेववेना.

"आई, तू बोलत राहा. काहीही बोल. आत्ता काय इस्त्री करतेस?"

आई सांगत राहिली. शर्ट, मग चादर, मग पुन्हा शर्ट. भिंतीवरच्या घड्याळात नऊ मिनिटं गेली. लंबू तिच्या मागेच उभा होता. शेवटी टकळीनं फोन ठेवला, लंबूनं घरी फोन करायला रिसीव्हर उचलला आणि मी मुका झालो. सगळा देशच एकदम फोन करत होता. कुठंतरी लाइनवर ताण आला आणि माझा आवाज गेला.

लंबूनं दहा वेळा तबकडी फिरवली. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. चार वाजता त्याचे काका आले. त्यांनी पुतण्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवसानंतर टकळीची टकळी बंद झाली.

पुढे शाळेत नवीन फोन आला, माझी तार काढली आणि मला कपाटावर चढवलं. आता फडकं फिरत नाही, धूळ मात्र नेमानं बसते. तिथूनच मी गेल्या आठवड्यात टकळीला पाहिलं. ती सतरा वर्षांची झाली आहे. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली होती.

"बाई," ती म्हणाली, "पुलाच्या दिवशी मी खोटं बोलले. आई गाडीत नव्हती."

"मला ठाऊक होतं," कारकूनबाई म्हणाल्या. "सकाळी शाळेत येताना मीच तुझ्या आईकडे कपडे टाकून आले होते."

"मग नंबर का फिरवलात?"

"तू फोनकडे कशी बघत होतीस, ते पाहिलं. वाटलं, एका मिनिटाचा तर प्रश्न आहे." त्यांनी हातातला दाखला टेबलावर ठेवला. "मग थांबवायला हवं होतं. ते मला जमलं नाही. ती चूक माझी."

लंबूही दाखल्यासाठी आला होता आणि दारातच उभा होता. टकळी वळली. तिला वाटलं असावं, पळून जावं. पण गेली नाही.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"तेव्हाच ऐकलं होतं. शर्ट, चादर, शर्ट," तो म्हणाला. "वर्षभर तुझ्याशी बोललो नाही, ते उगीच नाही. फार राग होता."

"आणि आता?"

तो आत येऊन टेबलापाशी उभा राहिला. "घरी दहालाच कळलं होतं. फोन लागला असता तर मलाही तेव्हाच कळलं असतं. लागला नाही, म्हणून माझ्यापुरता दादा चार वाजेपर्यंत होता. त्याबद्दल राग धरावा की नाही, मला अजून कळत नाही."

टकळी रडत होती. तो तिची समजूत काढायला गेला नाही आणि तिथून निघूनही गेला नाही.

तेवढ्यात लंबूच्या खिशातला मोबाइल वाजला, आणि तिघंही जागच्या जागी ताठ झाली. चार वर्षं झाली, तरी घंटा वाजली की त्यांचं असंच होतं. त्यानं फोन कानाला लावला.

"हो आई. पोचलो. अगं, शाळेतच आहे." मग टकळीकडे बघून तो म्हणाला, "दहा मिनिटांचा रस्ता, तरी विचारते."

मित्रांनो, माझी धूळ पुसा म्हणून मी तुम्हाला हे सांगितलं नाही. एवढंच मागणं आहे. कुठंही गेलात, अगदी दहा मिनिटांच्या वाटेवर, तरी घरी दोन शब्द कळवा, की पोचलो. आणि फोन ठेवताना एकदा मागे वळून बघा. आपल्यामागे कुणी उभं असेल, तर त्याला विचारा, तुला कुणाला फोन करायचा आहे?