चार मिनिटं लवकर

"रोज चार मिनिटं लवकर बस. घड्याळ सोड, ताऱ्याबरोबर चाल."

ह्यांनी हे थट्टेत सांगितलं होतं. तुमच्या कामासाठी प्रार्थना करायची तर कुठल्या वेळी करू, असं मी विचारलं होतं. दुसरं कुणी आहे का तिथे, एवढंच ऐकायला आकाशाकडे कान लावून ह्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि शेवटचा एक तारा हाती घेतला होता. तो आमच्या वेधशाळेच्या वसाहतीच्या छपरांवरून उगवायचा, कालच्यापेक्षा आज चार मिनिटं आधी. मी ती थट्टा मनावर घेतली. एक तारखेपासून नेम धरला: सकाळी साडेसात, मग सात सव्वीस, मग सात बावीस.

पाच दिवसांनी हे चपला न काढताच आत आले आणि खुर्चीवर बसले. म्हणाले, तारा उगवला की अकरा-बारा मिनिटं काहीतरी येतंय. अँटेना वळवली की जातं, परत आणली की येतं. माणसाची यंत्रं घड्याळावर चालतात, हे मात्र ताऱ्यासारखं रोज चार मिनिटं आधी येतंय. ह्यांचा सहकारी, ज्याला सगळे शंकासूर म्हणत, त्यालाही त्यात खोट सापडली नव्हती.

बातमी फुटायला आठवडा लागला नाही. फाटकावर माणसं जमू लागली. कुणी फुलं आणत, कुणी हे सगळं बंद करा म्हणून फलक धरत. सामूहिक प्रार्थनेला गेले की लोक मला टोमणा मारत, आता तुमच्या देवाचं काय हो? मी म्हणायची, देवाचा संसार मोठा निघाला तर मला का वाईट वाटावं.

रोज येणाऱ्यांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. पहिल्या बसने येत, बाकावर बसून उसवलेले कपडे शिवत आणि शेवटच्या बसने जात. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. मी एकदा चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाल्या, "माणूस गेल्यापासून वर बघायचं सोडलं होतं मी. आता बघते. कुणीतरी आहे, तेवढं पुरतं हो मला."

मंगळवारी जाहीर घोषणा होणार होती. आदल्या रविवारी, दुपारची जेवणं आटोपल्यावर, ह्यांनी तक्ता टेबलावर पसरला. मला कळतं असं नाही, पण ह्यांना कुणालातरी दाखवायचं होतं. सगळे दिवस भरलेले होते, फक्त अठरा तारीख कोरी. हे हसून म्हणाले, "शंकासूर म्हणतो, तिथेही हक्काची रजा असते वाटतं. आणि तेवीसला बघ, दुप्पट वेळ. त्या दिवशी त्यांना जास्त बोलायचं होतं."

अठराला ताई आजारी म्हणून मी तिच्याकडे मुक्कामाला होते. तेवीसला ह्यांच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. त्या दिवशी मी एकामागोमाग एक दोनदा बसले होते.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर दिसेना, म्हणून प्रार्थनेच्या पुस्तकाजवळ मी विजेचा एक छोटा दिवा ठेवला होता. असल्या वस्तूंची खरखर अँटेनाला ऐकू जाते, म्हणून वसाहतीत मोबाइल बंद, ओव्हन बंद, सगळं बंद. तपासणीची गाडी दर सोमवारी अकराला दारावरून जायची. दिवा तेव्हा विझलेला असायचा.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण मग उद्या त्या पुस्तकापुढे कुठल्या तोंडाने बसणार होते?

"अहो," मी म्हटलं, "अठराला मी घरी नव्हते. आणि तेवीसला दोनदा बसले होते."

ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग हे उठले, दिव्याकडे बघितलं आणि टेलिफोनवरून शंकासुराला अँटेना आमच्या छपरांकडे वळवायला सांगितली. तिथे त्या वेळी तारा नव्हता, नुसतं दुपारचं आकाश होतं. रिसीव्हर कानाला लावूनच ह्यांनी मला खूण केली. मी दिवा लावला.

"आलं," पलीकडून ऐकू आलं.

विझवला.

"गेलं."

परत लावला. "परत आलं," शंकासूर म्हणाला. ह्यांनी फोन हळूच ठेवून दिला.

मला वाटलं, आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं. मी दिव्याची वायर काढून हातात धरून उभी होते. ह्यांनी तक्त्याची घडी घातली, ती सारखी होईना म्हणून पुन्हा उलगडली.

"रोज काय मागायचीस?"

"तुम्हाला ऐकू येऊ दे, एवढंच."

ह्यांनी मान हलवली आणि चष्मा काढून पुसत राहिले. काच स्वच्छच होती. मग म्हणाले की संध्याकाळच्या बातम्यांआधी कळवायला हवं, निवेदन आपणच लिहू, चूक आपली म्हणू, तुझं नाव घेणार नाही. मी म्हटलं, घ्या. ह्यांनी कागद ओढला. पहिली ओळ लिहिली, खोडली.

"त्या शिवणाऱ्या बाईंना बातम्यांमधून नको कळायला."

"नाही कळणार," मी म्हटलं. "शब्द देते."

शेवटच्या बसला पाऊण तास होता. ह्यांच्याजवळ पाण्याचा ग्लास ठेवला, तोंडावर पाणी मारलं, चपला घातल्या. दार आवाज न करता ओढून घेतलं आणि फाटकाकडे चालू लागले.