देव्हाऱ्यातील दीनार

बालमित्रांनो, तुमच्या अंगठ्याच्या नखावर सहज मावेन एवढाच माझा आकार. वजन म्हणाल तर सोनाराच्या चार माशांना एक गुंज कमी. वर्ण सावळा, कडा किंचित वाकड्या. परंतु वयाने मी तुमच्या गावातील सर्वांत जुन्या वटवृक्षाहूनही वडील आहे. सुमारे एकोणीस शतकांपूर्वी, समुद्रापलीकडील रोम नगरीच्या राज्यात माझा जन्म झाला. मी रुप्याचा दीनार. आपल्या संस्कृत पंडितांनीही हे परदेशी नाव प्रेमाने आपल्या भाषेत वागवले, याचा मला आजही आनंद वाटतो.

खाणीत होतो तेव्हा मला ना चेहरा होता ना नाव. मग भट्टीत वितळलो, चकती झालो, तापलो आणि दोन ठशांच्या मध्ये ठेवला गेलो. वरून हातोड्याचा एकच घाव बसला आणि त्या एका घावात माझी दोन्ही तोंडे उमटली. एका बाजूस पानांची माळ मस्तकी धारण केलेला राजा, भोवती त्याच्या नावाची अक्षरे. दुसऱ्या बाजूस उंच आसनावर बसलेली एक शांत स्त्री. तिच्या एका हाती दंड, दुसऱ्या हाती पानांची फांदी.

पुढे मोसमी वाऱ्यांवर आरूढ होऊन मी जहाजातून या देशाच्या पश्चिम किनाऱ्यास लागलो. तलम कापडाच्या मोबदल्यात एका व्यापाऱ्याच्या कसणीत, म्हणजे कमरेच्या थैलीत, शिरलो आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून गोदातीरी प्रतिष्ठान नगरीत पोहोचलो. तेथील सराफ मोठा चिकित्सक होता. त्या काळी तांब्यावर रुप्याचा पत्रा चढवून फसविणारे लोक होतेच. सराफाने छिन्नी घेतली आणि राजाच्या गालावर एक आडवी खाच पाडली. मित्रांनो, मला वेदनेपेक्षा लाजच अधिक वाटली. पण खाचेत डोकावून त्याने मान डोलावली, तेव्हा कळले की ही माझी पहिली शाबासकी होती.

त्यानंतर कित्येक हातांतून फिरत मी आदिलाबादकडील आजच्या तामसीजवळच्या एका वस्तीत आलो आणि कोणाच्या तरी कमरेच्या पिशवीतून धुळीत पडलो. कोणी शोधावयास आले नाही. वस्ती उठली, भिंती खचल्या, घरांची माती होऊन तिची पांढरी टेकाडे झाली. त्या मातीच्या कुशीत मी दीर्घकाळ निजलो. विस्मृतीतही एक प्रकारचा विसावा असतो, हे मी तेथे शिकलो.

मला जाग आली तेव्हा निजामाची राजवट होती, फसली सनाची तेराशेचाळीसच्या, म्हणजे इसवी सनाची एकोणीसशे तीसच्या, आसपासची वर्षे चालू होती. तामसीच्या भागाबाई नवरात्रापूर्वी भिंती सारवण्यासाठी त्या टेकाडाची पांढरी माती खणीत होत्या. एक ढेकूळ फुटले आणि मी त्यांच्या पुढ्यात पडलो. राजाच्या बाजूवर मातीचा कठीण थर बसला होता. वर दिसत होती ती आसनस्थ स्त्री.

"अगं माय! शारदाच आली वं घरी!" भागाबाई उद्गारल्या.

या उद्गाराला कारण होते. गोदावरीकाठच्या बासरला शारदेसमोर लेकराला पहिले अक्षर गिरवायला लावावे, अशी या मुलखाची रीत. परंतु बैलगाडीने बासर गाठणे तामसीच्या साऱ्याच घरांना साधत नसे. भागाबाईंना वाटले, आपण जाऊ शकत नाही म्हणून देवीच चालत आली. त्यांनी उटनूरच्या रानातील लाख तापविली, सागवानी पाटीवर थापली आणि मातीने माखलेली राजाची बाजू खाली करून मला तीत पक्के बसविले. दर वसंतपंचमीस गावातील लेकरे माझ्यासमोर ताटातील तांदळात पहिला 'श्री' गिरवू लागली. त्या घरात मी दीनार राहिलो नाही; मी 'शारदामाय' झालो. खरे सांगतो, राजाचे तोंड लाखेत दबले होते, तरी त्या घरात मी सुखी होतो.

एकच शल्य होते. शेजारच्या कुसुमबाई माझ्या काळवंडलेल्या अंगाकडे पाहून चारचौघींत म्हणत, "रुपं असं काळं असते काय? भागाबाईची देवी कथिलाची हाय!" लोक हसत. भागाबाई त्या सायंकाळी माझ्यापुढची वात जरा जास्तच वेळ सरळ करीत बसत.

अशात एका मार्गशीर्षात सुधाकरराव आले. ते महसूल खात्याचे गिरदावर, म्हणजे गावोगाव हिंडून पिकांची पाहणी ('मुआयना') करणारे अधिकारी. मूळ आदिलाबादचेच. त्यांना जुन्या नाण्यांचा विलक्षण छंद होता. भागाबाईंचे चिरंजीव पांडुरंगराव यांच्या घरी ते जेवावयास थांबले आणि हात धुता धुता त्यांची दृष्टी देव्हाऱ्यात गेली. जेवणाचे भान त्यांना राहिले नाही.

"माय, ती देवी जरा हातात घेऊन पाहू काय?"

"पाहा न. पण आंघोळ करून या. पारोशानं शिवायचं नाही."

सुधाकरराव आडावर गेले, थंडगार पाण्याने न्हाले आणि ओल्या धोतराने कुडकुडत देव्हाऱ्यापुढे बसले. झोळीतून त्यांनी भिंग व वजनाचा चिमणा काटा काढला.

पांडुरंगराव हसले, "साहेब, सरकारी मुआयना असा ओल्या धोतरानं करता काय तुमी?"

"हा सरकारी नाही, पांडुरंगराव. हा माह्या शौकाचा मुआयना हाय."

त्यांनी भिंग एका डोळ्याशी धरले, मान वाकडी केली, पाटी प्रकाशात फिरविली. भागाबाई पदर सावरून म्हणाल्या, "देवीच्या दर्शनाले आले का पोरगी पाहायले आले, बाप्पा? नाक-डोळे तर सारे पाहून राह्यले!"

"तसंच समजा, माय. जुन्या नाण्याचं मोल चांदीच्या वजनावर नाही ठरत. अस्सल हाय काय, अक्षरं वाचता येते काय, कोणी भोक पाडून गळ्यात तर नाही घातलं, राखेनं तर नाही घासलं, हे पाहा लागते."

"घासन कशाले? देवीचं अंग काय तवा हाय?"

"म्हणूनच ही झिलई टिकली! हे काळं अंगच तर तिच्या वयाचं तेज हाय." सुधाकररावांनी पाटी पालथी करून पाहिली. "पण पुरता निवाडा करायचा तर उलटी बाजू पाहा लागन. लाखेतून काढा लागन."

देवीला आसनावरून उठवावे, हे भागाबाईंच्या मनास पटेना. अखेर त्या म्हणाल्या, "काढा. एकदाचं कुसुमबाईचं तोंड तरी बंद होईन."

कढत पाण्यात लाख मऊ झाली. मी सुटलो, तेव्हा राजाच्या मुखावरील मातीचा थर लाखेलाच चिकटून राहिला आणि इतक्या युगांनंतर माझ्या त्या बाजूस उजेड लागला. मुद्दाम जपूनही जपता आली नसती, अशी ती अक्षरे लखलखीत राहिली होती. आणि गालावर होती सराफाची ती खाच.

सुधाकररावांनी भिंग खाचेवर धरले. "अंदरसे भी चांदी!" हर्षाने त्यांच्या तोंडून कचेरीतील बोली निघाली. "आतून तांबं असतं तर या खाचेत हिरवा कळंक आला असता. नावालेही नाही! माय, सांगा कुसुमबाईले, कथील नाही, सोळा आणे रुपं हाय. रोमच्या बादशहाचं अस्सल नाणं!"

भागाबाईंचा चेहरा असा उजळला की मलाही धन्य वाटले. पण त्याच क्षणी पांडुरंगराव पुढे वाकले. त्यांनी खाचेवर बोट ठेवले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"माय... हा तर चिरलेला हाय. खंडित हाय."

मित्रांनो, भंगलेली मूर्ती पूजेत ठेवू नये, तिला नदीच्या स्वाधीन करावे, हा आपला पूर्वापार नेम. ज्या खुणेने मी खरा ठरलो, त्याच खुणेने मी देव्हाऱ्यातून उठलो! भागाबाई रिकाम्या पाटीवरील गोल खळगीकडे पाहत राहिल्या.

"म्हणजे इतकी वर्सं मी खंडित देवी पुजली? आन तिच्यासमोर ज्या लेकराईनं अक्षर गिरवलं, त्याईचं कसं?"

पांडुरंगराव चाचरत म्हणाले, "बासरले नेऊन गोदागंगेत सोडू. नाही तर साहेबाले देऊन टाक. पाण्यात बुडवण्यापरीस बरं. त्याईच्याजवळ जपून तरी राहीन."

भागाबाईंनी डोळे पुसले. "साहेब, तुमी शिकलेले हा. तुमीच सांगा. तुमी म्हणान तसं करीन."

मी तेव्हा सुधाकररावांच्या तळहातावर होतो. जन्मभर शोधलेले नाणे हातात आले होते. ते नेण्यासाठी त्यांना काही द्यावयाचे नव्हते, मागावयाचेही नव्हते. केवळ 'खंडित' एवढे म्हणावयाचे होते. आणि ते असत्यही ठरले नसते.

त्यांनी मला पालथे केले. भिंग लावले. फार वेळ पाहिले. त्यांच्या धोतराचे पाणी सारवलेल्या भुईवर ठिबकत होते. एकदा त्यांची मूठ माझ्याभोवती मिटली, मग हळूहळू उघडली.

"माय, इकडे या. तुमच्या डोळ्यानं पाहा," ते म्हणाले आणि त्यांनी भिंग भागाबाईंच्या हाती दिले. "घाव राजाच्या गालावर हाय. आरपार गेलाच नाही. देवीचं बोट भंगलं काय? फांदीचं पान तुटलं काय?"

भागाबाईंनी भिंग डोळ्याशी धरून पाहिले. "नाही, बाप्पा. सारी साबूत हाय."

"पण नाणं तर एकच हाय न, साहेब?" पांडुरंगरावांनी शंका काढली.

"एकच हाय. पण हा घाव भंगल्याचा नाही, पारखल्याचा हाय. सोनार दागिना कसोटीवर घासते. कसाची रेघ पडली म्हणून मंगळसूत्र खंडित झालं, असं म्हणता काय तुमी?"

पांडुरंगरावांना ते पटले. भागाबाईंनी मात्र धीर करून आणखी एक प्रश्न विचारला, कारण शंका ठेवून पूजा करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. "आन ही शारदाच हाय न? तुमी अक्षरं वाचली."

सुधाकररावांनी भिंग परत घेतले. "खोटं नाही सांगत, माय. तिकडची कोणी शांतीची देवता म्हणते हिले. कोणी म्हणते, राजाची माय."

"शांतीची देवता, नाही तर माय," भागाबाई विचार करीत म्हणाल्या. मग त्यांना हसू फुटले. "मंग काय झालं? दोघीच्याही पायाच पडा लागते न!"

त्यांनी ताजी लाख तापविली. सुधाकररावांनी स्वहस्ते मला पाटीवर बसविले आणि ओलेत्यानेच नमस्कार केला. निघताना भागाबाई त्यांना म्हणाल्या, "तुमच्या हातातली चीज गेली, साहेब. मले समजते." ते नुसते हसले.

पुढे पांडुरंगराव कापूस घेऊन आदिलाबादेस गेले, तेव्हा सुधाकररावांनी त्यांना आपला संग्रह दाखविला. शिसवी पेटी, आत मखमलीची छोटी छोटी घरे, प्रत्येक घरात एकेक नाणे. परत येऊन पांडुरंगराव आईला सांगू लागले, "माय, मधलं एक घर रिकामंच ठेवलं हाय त्याईनं. कोणी इचारलं तर म्हणतात, या घरातलं नाणं तामसीले राह्यते."

"आन मंग घर रिकामं काऊन ठेवावं?" भागाबाई म्हणाल्या. जेथे मूर्ती नाही तेथे सुपारीवर देवाचे आवाहन करावे, ही रीत त्यांना ठाऊक होती. त्यांनी एक सुपारी घेतली, माझ्यासमोर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले, अक्षता घातल्या आणि फडक्यात बांधून आदिलाबादेस पाठविली. सुधाकररावांनी ती माझ्या घरात ठेवली. मोगलांचे रुपये आणि निजामाचे हाली सिक्के यांच्या रांगेत ती आजही बसली आहे. पुढल्या हिवाळ्यात ते पुन्हा दर्शनास आले, तेव्हा अंगावर काटा येईपर्यंत आडाच्या पाण्याने न्हाऊन त्यांनीच मला हे सांगितले.

मित्रांनो, शेतात, नदीकाठी, पडक्या गावठाणात माझे कोणी भावंड सापडले, तर त्यास राखेने घासू नका, भोक पाडू नका, वितळवू नका. त्याची काळी कांती व अंगावरची जुनी खूण जपा, जाणत्याला दाखवा. आणि ते कोणाच्या घरी नांदत असेल, तर मोल सांगण्याआधी त्या घरात त्याला काय म्हणून हाक मारतात, एवढे विचारा. कधी आदिलाबादेत कोणी तुमच्यापुढे ती शिसवी पेटी उघडली, तर मखमलीवरील सुपारी पाहून हसू नका. तिला नमस्कार करा. तो मला पोहोचेल.