एकतीस दाते

मी एक गिअर बोलतोय. एकतीस दात्यांचा. हा आकडा ऐकूनच कुणीतरी मला बाजूला ठेवायला हवं होतं, पण तेव्हा तसं झालं नाही.

माझा जन्म सोलापूरच्या एमआयडीसीत, सिद्धलिंगप्पांच्या वर्कशॉपात झाला. अप्पांची उभी हयात साखर कारखान्याच्या गिअरांत गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हे छोटं दुकान टाकलं. हात असा की बघत राहावं. एक दिवस मीनाबाई टॉवेलात गुंडाळून दोन फुटके गिअर घेऊन आल्या. घरात एकच यंत्रमाग, तोही चार दिवस बंद.

"अप्पा, हेच्यासारकंच करून द्या की."

अप्पांनी दाते मोजले. लहानाचे तीस, मोठ्याचे साठ. गिअर ज्यांवर बसतात त्या दोन शाफ्टांमधलं अंतर मागाच्या सांगाड्यातच ठरलेलं, ते हलत नाही. म्हणून दोघांचे मिळून नव्वदच दाते बसणार. एकाचा वाढवला की दुसऱ्याचा कमी केलाच पाहिजे. हे गणित अप्पांना तोंडपाठ होतं.

"तीस-साठ ठेवलं की तोच दाता फिरून त्याच दात्याला घासतोय बगा. कारखान्यात आमी एक दाता इकडचा तिकडं करायचो. एकतीस-एकोणसाठ करतो. लई वर्सं झिजणार न्हाय."

"पहिलं हुतं तसंच ऱ्हाऊ द्या की."

"माज्यावर इस्वास हाय का न्हाय?"

मीनाबाईंनी फुटके गिअर त्यांच्यापुढे सरकवले. या प्रश्नापुढे माणसं फार लवकर हरतात.

अप्पांनी स्वतः येऊन मला आणि माझ्या एकोणसाठ दात्यांच्या जोडीदाराला बसवलं. हाताने दोन फेरे दिले. खडखड नाही, अडकणं नाही. मी तर पार फुशारून गेलो. मीनाबाईंनी बटण दाबलं.

मागात वरचा शाफ्ट फणी पुढे आणून धागा ठोकतो, खालचा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन धावणारी लाकडी नळी, या टोकाकडून त्या टोकाला मारतो. वरच्याचे दोन फेरे, तर खालच्याचा बरोबर एक. त्यात जराही फरक चालत नाही. साठ हे तीसच्या बरोबर दुप्पट, एकोणसाठ मात्र एकतीसच्या दुप्पट नाही. अप्पांना ऊस पिळणारी यंत्रं ठाऊक. तिथे एवढ्याने काही बिघडत नसे. आमच्यामुळे धोटा दर फेऱ्याला थोडा लवकर सुटू लागला. पाच-सहा फेरे झाले असतील नसतील, फणी पुढे येत असतानाच धोटा सुटला आणि उसळून बाहेर आला. त्याचं लोखंडी टोक मीनाबाईंच्या उजव्या डोळ्यात गेलं.

त्या ओरडल्यासुद्धा नाहीत. "माग बंद करा," एवढंच म्हणाल्या. अप्पांचा हात बटणापर्यंत पोचेना.

मी सुन्न झालो. अजून तसाच आहे. डोळा गेला तो गेलाच.

पंधराव्या दिवशी अप्पा तीस-साठची जोडी घेऊन आले आणि उंबऱ्यातच थांबले. "माजं चुकलं, बाई. तुमी सांगत हुता." मीनाबाईंनी लहान गिअर मांडीवर घेतला आणि बोटाने एकेक दाता मोजला. मग पुन्हा मोजला.

"बसवा," त्या म्हणाल्या.

मी आता मीनाबाईंच्या खिडकीत पडून आहे. माझा एकही दाता तुटलेला नाही, याचीच मला लाज वाटते. उद्या कुणी म्हणेल, कोरा गिअर आहे, लावू कुठल्या तरी मागाला. हात जोडतो, लावू नका. भट्टीत घालून वितळवा मला. लावलंत तर मी अगदी नीट बसेन हो, आवाजसुद्धा करणार नाही.