गुरुजींच्या डोक्यातली मोहरी

प्राध्यापक हार्टविग वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे धड नेकार नदीकाठच्या दफनभूमीत गेलं आणि डोकं विद्यापीठात राहिलं. मोठी कवटी शहाण्याची, लहान भुरट्याची, हे ते हयातभर सांगत आले होते. विद्यापीठातलं कवट्यांचं कपाटही त्याच हिशेबाने लावलेलं: वर तत्त्ववेत्ते, खाली चोर. वरच्या फळीवर मधोमध स्वतःच्या नावाची चिठ्ठी त्यांनी आधीच डकवून ठेवली होती. विज्ञानात विनयाला जागा नसते.

गुरुजींच्या कवटीत किती मावतं ते मोजायचं काम शिष्याकडे, ओटमार क्रेसकडे आलं. उद्याच्या समारंभात गुरुजी फळीवर आणि ओटमार त्यांच्या खुर्चीवर बसायचे होते.

त्याने डोळ्यांच्या खोबणीत कापूस कोंबला, बुडाच्या भोकातून पांढरी मोहरी भरली आणि ती मापाच्या नळीत ओतली. त्या मापाने गुरुजी खालच्या फळीवर आले, कोंबडीचोर बुर्कलच्या शेजारी.

मोहरी दमट असेल म्हणून त्याने ती शेगडीवर शेकली. पुन्हा बुर्कलच. तेवढ्यात गुरुपत्नी मेख्टिल्डबाई केक घेऊन आल्या. त्याने चाचरत सांगितलं, पण त्यांना नवल वाटलं नाही.

"हॅट मोठीच आणायचे रे. आत वर्तमानपत्र मी घालायची. आता बसव त्यांना वर आणि मोकळा हो."

ओटमारने कवटी हलवली, ठोकली, वरून अंगठ्याने मोहरी दाबली. आणखी बरीच मावली. गुरुजी थेट वरच्या फळीवर.

इथे थांबला असता, तर खुर्ची त्याचीच होती. पण त्याला चुटपुट लागली. त्याने बुर्कलला खाली घेऊन त्याच अंगठ्याने दाबलं. बुर्कल गुरुजींच्याही वर गेला. मग एका तत्त्ववेत्त्याला न दाबता भरलं. तो चोरांत उतरला. तेव्हा त्याला आठवलं की, तत्त्ववेत्ते मोजताना गुरुजी अंगठा लावून म्हणायचे, "मोहरीला जरा बसू द्यावं." चोरांच्या वेळी त्यांना घाई असे.

दुसऱ्या दिवशी मंडळी जमली. गुरुजी चिठ्ठीच्या जागी होते आणि शेजारी बुर्कल. ओटमारने दोन्ही कवट्या सगळ्यांदेखत आधी न दाबता, मग दाबून मोजल्या आणि म्हणाला, "इतकी वर्षं आपण अंगठाच मोजत होतो."

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. मेख्टिल्डबाईंनी ओटमारला गुरुजींची हॅट दिली. त्याने ती तिथेच घालून पाहिली. आतलं वर्तमानपत्र काढावं लागलं नाही.